सेवाभावी क्लब, तरुण कार्यकर्ते आणि आपले रुग्णालय

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात विश्वस्त मंडळाच्या वतीने झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वर्षभरातील रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, जमाखर्च आणि ताळेबंद हा सर्व तपशील अहवालाच्या रूपाने आपल्या हाती आहेच. तो पुन्हा वाचून दाखविण्यात आपला वेळ घ्यावा असे आम्हांस वाटत नाही. आज आम्ही अशा मंडळींविषयी बोलणार आहोत, ज्यांची नावे आपल्या वेतनपत्रकात नाहीत, विश्वस्तांच्या यादीत नाहीत, आणि तरीही ज्यांच्यावाचून या रुग्णालयाची कित्येक कामे अडून राहिली असती. रोटरी, लायन्स, इनरव्हील, जायंट्स यांसारखे सेवाभावी क्लब आणि त्यांच्या छायेत वाढणारी रोटरॅक्ट, इंटरॅक्ट व लिओ ही तरुणांची मंडळे, यांच्याविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे. या चार शब्दांत कृतज्ञता आहे, तशीच एक विनंतीही आहे.

आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर ज्या संगमरवरी पाट्या आहेत, त्या आपण सर्वांनी पाहिल्या असतील. त्यांवरील अनेक नावे क्लबांची आहेत. या पाट्यांमागे एक मोठा इतिहास उभा आहे आणि तो थोडक्यात सांगणे उचित होईल.

सन १९०५ हे वर्ष या दृष्टीने मोठे योगायोगाचे म्हणावे लागेल. त्या वर्षी २३ फेब्रुवारी रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचे एक वकील आणि त्यांचे तीन स्नेही एकत्र बसले. त्या तिघांत एक कोळशाचा व्यापारी होता, एक खाणअभियंता आणि एक शिंपी. सभा आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात भरत, म्हणून त्यांनी आपल्या मंडळास ‘रोटरी’ हे नाव दिले. प्रारंभी हेतू परस्परांच्या ओळखीचा व व्यवसायवृद्धीचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु दोनच वर्षांत, म्हणजे १९०७ मध्ये, या मंडळींनी शहरासाठी सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे म्हणून खटपट आरंभिली. जगभर पसरलेल्या एका सेवासंस्थेचे पहिले लोकोपयोगी काम स्वच्छतागृहाचे होते, ही गोष्ट आम्हांस फार आवडते. ज्यांना रुग्णालय चालवावे लागते त्यांना स्वच्छतागृहाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

त्याच वर्षी, १२ जून १९०५ रोजी, आपल्या पुण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्या समाजाचे सदस्य केवळ उदरनिर्वाहापुरते वेतन घेऊन सारे आयुष्य देशकार्यास वाहून घेण्याची प्रतिज्ञा करीत. ना. म. जोशी, गो. कृ. देवधर, ठक्करबाप्पा अशी माणसे त्या परंपरेतून पुढे आली. देवधर व रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी घराबाहेर काढले, तेव्हा केवढे धैर्य लागले असेल याची आज कल्पना करणेही कठीण आहे. आयुष्य वाहणाऱ्यांचा हा मार्ग, आणि आपला व्यवसाय सांभाळून संध्याकाळ व रविवार देणाऱ्यांचा तो मार्ग, असे दोन प्रवाह एकाच वर्षी दोन खंडांत उगम पावले. आमच्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयास दोहोंची गरज असते. आयुष्य वाहणारे थोडेच लाभतात. संध्याकाळ देणारे मात्र प्रत्येक गावात असतात, त्यांना हाक तेवढी घालावी लागते.

पुढील इतिहास आम्ही भराभर सांगतो. मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये शिकागोतच लायन्सची उभारणी केली. सन १९२५ मध्ये ओहायो राज्यातील अधिवेशनात स्वतः दृष्टी व श्रवण गमावलेल्या हेलन केलर यांनी लायन्स मंडळींना अंधत्वाविरुद्धच्या लढ्यास वाहून घेण्याचे आवाहन केले. लायन्स आणि नेत्रसेवा यांचे जे अतूट नाते आपण आज पाहतो, त्याचे मूळ तेथे आहे. इनरव्हीलची स्थापना १९२४ मध्ये मँचेस्टर येथे झाली आणि तिच्या संस्थापिका मार्गारेट गोल्डिंग या व्यवसायाने परिचारिका होत्या, हे आमच्या परिचारिका भगिनींनी अवश्य ध्यानी ठेवावे. जायंट्स ही संस्था तर आपल्या मुंबईचीच. नाना चुडासामा यांनी १९७२ मध्ये ती स्थापन केली.

या सर्व संस्थांच्या कार्यात ज्याचा उल्लेख प्रथम करावा असे एकच काम निवडावयाचे झाले, तर आम्ही पोलिओ निर्मूलनाचे नाव घेऊ. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपाइन्समध्ये बालकांना लस देण्याचा उपक्रम हाती घेतला आणि १९८५ मध्ये पोलिओमुक्त जगाचा संकल्प सोडला. त्यानंतर तीन वर्षांनी जागतिक आरोग्य परिषदेने तोच संकल्प आपला मानला. त्या वेळी १२५ देशांत पोलिओचा वावर होता आणि दरवर्षी सुमारे साडेतीन लक्ष बालके त्याने पंगू होत असत. आपल्या देशात ९ डिसेंबर १९९५ रोजी पहिला राष्ट्रीय पल्स पोलिओ दिवस पाळण्यात आला. पहिल्या वर्षी तीन वर्षांखालील आणि पुढे पाच वर्षांखालील प्रत्येक बालकास त्या दिवशी दोन थेंब द्यावयाचे, असा तो कार्यक्रम.

हे काम शासनाचे होते, आणि त्याचा मुख्य भार शासकीय आरोग्य कर्मचारी व अंगणवाडी सेविका यांनी वाहिला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु केंद्रावर सकाळी टेबल मांडणे, शीतपेटीतील बर्फ वितळला नाही ना ते पाहणे, लसीच्या कुपीवरील चौकोनाचा रंग तपासणे, थेंब दिलेल्या बालकाच्या डाव्या करंगळीस शाईची खूण करणे, आणि जी मुले आली नाहीत त्यांच्या दारी जाणे, या कामांत क्लबांच्या सदस्यांनी व महाविद्यालयीन मुलांनी वर्षानुवर्षे हातभार लावला. ज्या घरातून एकदा नकार आला, त्याच घरी पुढच्या फेरीस पुन्हा जावयाचे आणि तितक्याच नम्रतेने दार ठोठवावयाचे, हे काम कंटाळवाणे असते. त्याचे छायाचित्र काढावे असे कोणास वाटत नाही. पण देशातील पोलिओचे रुग्ण २००९ मध्ये ७४१ होते, ते २०१० मध्ये ४२ वर आले आणि २०११ मध्ये केवळ एक उरला, तो याच कंटाळवाण्या कामामुळे. हा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. पुढे २७ मार्च २०१४ रोजी आपल्यासह संपूर्ण आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. त्या वर्षी रोटरॅक्टमध्ये असलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यापैकी काही या सभागृहात बसली आहेत.

पोलिओचे उदाहरण एवढ्या विस्ताराने देण्याचे कारण असे, की आपल्या रुग्णालयास क्लबांकडून जे हवे आहे ते नेमके तेच आहे. आम्हांस पुन्हा पुन्हा येणारी माणसे हवी आहेत.

क्लबांचे वर्ष १ जुलै रोजी बदलते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. नवा अध्यक्ष येतो, नवा चिटणीस येतो, नवा उत्साह येतो. या पद्धतीचा एक लाभ निर्विवाद आहे. दरवर्षी एका नव्या माणसाच्या खांद्यावर जबाबदारी पडते, कोणी खुर्चीस चिकटून राहत नाही, आणि वीस वर्षांत वीस माणसे नेतृत्व करावयास शिकतात. आपल्याकडील कित्येक सार्वजनिक संस्थांनी यातून धडा घ्यावा असे आम्हांस प्रांजळपणे वाटते. परंतु प्रत्येक नव्या अध्यक्षास आपल्या कारकिर्दीत एक नवा प्रकल्प उभा करावासा वाटतो, हेही तितकेच खरे. मागील अध्यक्षाचा प्रकल्प पुढे चालविण्यात फारशी शोभा नसते. परिणामी कित्येक चांगली कामे जूनअखेर अनाथ होतात.

डायलिसिस यंत्राचे उदाहरण घेऊ. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णास आठवड्यातून दोन वा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, या यंत्रावर राहावे लागते, आणि ते बहुधा आयुष्यभर. यंत्र देणगीदाखल मिळते, फीत कापली जाते, पेढे वाटले जातात. पण त्या यंत्रास अतिशुद्ध पाणी लागते, त्यासाठी आर.ओ. संयंत्र लागते, प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो, दर वेळी नळ्या, सुया व औषधे लागतात, आणि वीज गेली तर पर्यायी व्यवस्था लागते. यंत्र एकदाच येते, खर्च मात्र आठवड्यातून तीनदा येतो. म्हणून कोणत्याही क्लबाने यंत्र देऊ केले की आम्ही अगदी विनयाने विचारतो, ‘तिसऱ्या वर्षाच्या नळ्यांचे काय?’ या प्रश्नाने एक क्लब आमच्यावर काहीसा रुसला होता. दुसऱ्या एका क्लबाने मात्र यंत्राऐवजी दोन रुग्णांच्या सामग्रीचा खर्च सतत उचलण्याचे ठरविले. त्या देणगीची पाटी भिंतीवर नाही, कारण ती कोठे लावावी हा प्रश्नच आहे. आमच्या मते गेल्या काही वर्षांत आम्हांस मिळालेल्या सर्वोत्तम देणग्यांपैकी ती एक आहे.

हीच गोष्ट २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मिळालेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची. त्या दिवसांत या यंत्रांनी प्राण वाचविले आणि ज्यांनी ती रात्रीबेरात्री पोहोचविली त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. आज तीच यंत्रे दम्याच्या व फुप्फुसविकाराच्या रुग्णांना घरी वापरण्यास देता येतात. पण त्यांची गाळणी वेळेवर स्वच्छ व्हावी लागते आणि बाहेर पडणाऱ्या प्राणवायूची शुद्धता अधूनमधून तपासावी लागते. हे करावयास माणूस हवा.

आता तरुणांकडे वळतो. विषयाचा गाभा खरे तर हाच आहे.

प्रौढांच्या क्लबांना जोडून तरुणांची मंडळे असावीत, ही कल्पना जुनी आहे. लायन्सचे पहिले लिओ मंडळ १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका शाळेत निघाले, रोटरीचे पहिले इंटरॅक्ट १९६२ मध्ये फ्लोरिडातील शाळेत, आणि पहिले रोटरॅक्ट १९६८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे. आपल्या शासनाची राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतून सुरू झाली. महाराष्ट्राला तर हा संस्कार परका नव्हताच. राष्ट्र सेवा दल १९४१ पासून कार्यरत होते आणि बाबा आमट्यांच्या सोमनाथ येथील श्रमसंस्कार छावणीने महाराष्ट्रातील तरुणांच्या पिढ्यांच्या हाती कुदळ-फावडे दिले. रोटरॅक्टला पूर्वी तिशीची मर्यादा होती. ती जुलै २०२० पासून काढून टाकण्यात आली आहे. आमच्या तालुक्यातील मंडळात तरीही बहुतेक सदस्य महाविद्यालयीन वयाचेच आहेत.

या मुलांचा उपयोग पुष्कळदा कसा केला जातो, ते आपण पाहतोच. पाहुण्यांस पुष्पगुच्छ देणे, खुर्च्या मांडणे, सूत्रसंचालन करणे. ही कामे हलकी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पण व्यासपीठावर निर्भयपणे बोलता येणे म्हणजेच नेतृत्व, अशी जी एक समजूत रूढ झाली आहे ती आम्हांस पटत नाही. ज्या कामात कुचराई केली तर कोणाचे तरी नुकसान होईल, असे काम एखाद्या मुलाच्या हाती द्यावे आणि मग पाहावे. आमच्या येथे गेली काही वर्षे रोटरॅक्ट व लिओच्या मुलांकडे अशी तीन कामे आहेत.

पहिले मोतीबिंदूच्या रुग्णांचे. पूर्वी गावोगावी शाळेत वा मंदिरात शस्त्रक्रियेची शिबिरे भरत. आता गावात केवळ तपासणी होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या निर्जंतुक दालनात होते. हा बदल अत्यंत योग्य आहे. परंतु त्यातून एक अडचण उद्भवली. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, दिसू लागते, आणि आजीबाई समाधानाने गावी परततात. त्यानंतर चार ते सहा आठवडे थेंब घालावयाचे असतात, आठवड्याने डोळा दाखवावयाचा असतो, आणि महिना-दीड महिन्याने चष्म्याचा नंबर काढावयाचा असतो. आजीबाईंना वाटते, दिसते आहे, मग आता एस.टी.ला पैसे कशाला घालावे? मुलगा शेतात, सून मजुरीस, सोबत कोणी नाही. थेंब मध्येच बंद होतात, किंवा उलट कोणी न विचारता महिनोन्‌महिने चालू राहतात. त्यात स्टेरॉइड असल्यामुळे डोळ्यातील दाब वाढू शकतो.

म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव एका मुलाच्या वा मुलीच्या वहीत नोंदविले जाते. त्याने तिसऱ्या दिवशी दूरध्वनी करावयाचा, आठवड्यापूर्वी घरी जावयाचे, आणि नंबरच्या दिवशी रुग्ण आला की नाही ते पाहावयाचे. आमच्या नेत्रतज्ज्ञांनी या मुलांना तीनच गोष्टी पाठ करून घेतल्या आहेत. डोळा दुखणे, डोळा लाल होणे, आणि आलेली नजर पुन्हा मंद होणे. यांपैकी एकही आढळली तर उद्याची वाट पाहावयाची नाही. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने असाच दूरध्वनी केला. पलीकडून उत्तर आले, ‘सगळं बरं आहे बाळा, तू नको त्रास घेऊ.’ वहीत घरभेट लिहिलेली होती, म्हणून तो तरीही गेला. डोळा लालभडक झालेला होता. डॉक्टर रागावतील या भयाने बाईंनी सांगितले नव्हते. त्याच रात्री त्यांना येथे आणून उपचार सुरू झाले आणि दृष्टी वाचली. तो मुलगा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षास आहे. व्यासपीठावर दोन वाक्ये बोलावयाची तरी त्यास घाम फुटतो, म्हणून आज त्याचा सत्कार आम्ही ठेवलेला नाही. तशी त्यानेच विनंती केली होती.

दुसरे काम रुग्णोपयोगी साहित्याचे. चाकाची खुर्ची, वॉकर, कुबड्या, हवेची गादी, वर-खाली होणारा पलंग, कमोडची खुर्ची अशा वस्तू अल्प अनामत रक्कम घेऊन गरजूंना घरी वापरण्यास दिल्या जातात. महाराष्ट्रातील अनेक गावांत अशी केंद्रे चालतात आणि ती फार मोलाची आहेत. वस्तू देणे सोपे असते, परत आणणे अवघड. कुटुंबे अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे. बहुधा ज्याच्यासाठी पलंग नेला तो माणूस गेलेला असतो, आणि त्या पलंगाकडे पाहण्याचेही घरच्यांना बळ नसते. इकडे दुसरा कोणी तरी त्याच पलंगाची वाट पाहत असतो. अशा घरी कधी जावे, किती दिवस थांबावे, काय बोलावे, प्रथम चहा घ्यावा की प्रथम विषय काढावा, हे कोणत्याही नेतृत्व शिबिरात शिकविता येत नाही. एका मुलीने आम्हांस सांगितले की ती तेराव्यापूर्वी कधीच जात नाही, आणि गेल्यावर साहित्याचे नाव स्वतः काढीत नाही. घरची माणसेच थोड्या वेळाने म्हणतात, ‘तो पलंग तेवढा घेऊन जा.’ वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिला हे कळले आहे. आम्हांस ते कळावयास पुष्कळ अधिक वर्षे लागली.

तिसरे काम रक्तदात्यांच्या यादीचे. रक्तदान शिबिरे आपल्याकडे विपुल होतात, पण ती प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, पुढाऱ्यांचे वाढदिवस अशा मोजक्या दिवसांभोवती दाटलेली असतात. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स तर केवळ पाच दिवस. एकाच आठवड्यात चार शिबिरे झाली तर रक्तपेढीपुढे साठविण्याचा प्रश्न, आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद असताना वा दिवाळीत गावे रिकामी झाली असताना दाता मिळण्याची मारामार. थॅलेसेमियाच्या बालकास मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते; त्यास सुटी नसते. पुरुषास तीन महिन्यांनी व स्त्रीस चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. मुलांनी याच हिशेबाने दात्यांची यादी तयार केली आहे, आणि शिबिराची गर्दी टाळून ती गरजेच्या आठवड्यांत एकेका दात्यास बोलावितात. हे करताना त्यांनी एका मोठ्या कार्यक्रमाच्या आयोजकांना शिबिर तीन आठवडे पुढे ढकलावयास लावले. आमच्यापैकी कोणाचे त्यांनी ऐकले असते असे वाटत नाही.

आणखी एक उल्लेख करावयास हवा. या मुलांत निम्म्याहून अधिक मुली आहेत. रोटरी व लायन्समध्ये स्त्रियांना सदस्यत्वच नव्हते, तो काळ फार दूरचा नाही. लायन्सने १९८७ मध्ये द्वार उघडले. रोटरीचा प्रश्न त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८९ मध्ये जगभरातील क्लबांना स्त्रियांना सदस्य करून घेण्याची मुभा मिळाली. आमच्या स्त्रीरुग्ण कक्षात ज्या सहजतेने या मुली वावरतात ते पाहता, आधीच्या पिढ्यांचे केवढे नुकसान झाले असेल असे मनात येते.

तरुणांना रुग्णालयात मोकळीक देण्याविषयी आमच्या विश्वस्तांतही दुमत होते, आणि ते रास्त होते. रुग्णाचा आजार ही त्याची खाजगी गोष्ट आहे. म्हणून काही नियम कठोरपणे पाळले जातात. कोणत्याही मुलाने रुग्णाचे केसपेपर पाहू नयेत, भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेऊ नये, आजाराविषयी बाहेर बोलू नये, आणि औषधाविषयी सल्ला तर मुळीच देऊ नये. अतिदक्षता विभागात व प्रसूतिगृहात त्यांना प्रवेश नाही. परीक्षेपूर्वी एक महिना त्यांना कामापासून मुक्त केले जाते. पालकांची ही मागणी आम्ही प्रथमपासून मान्य केली आहे. रुग्णांच्या कुटुंबीयांस विनंती, की या मुलांना बक्षिसी देऊ नये. खाऊ दिल्यास हरकत नाही.

आता विनंतीकडे येतो. येत्या १ जुलैपासून आमच्याशी संबंधित प्रत्येक क्लबाने, कोणतेही एक काम हाती घेताना, ते तीन वर्षांसाठी घ्यावे, आणि त्या संकल्पावर विद्यमान अध्यक्षांसोबत भावी अध्यक्षांचीही स्वाक्षरी असावी. कामाच्या वह्या रुग्णालयाच्या समाजसेवा कक्षात राहतील, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी नोंदी खंडित होणार नाहीत. रुग्णालय कोठे जात नाही, सबब स्मरण ठेवण्याचे काम आम्ही करू. देणगीदारांकडे आमचे मागणे लहान आहे. घरभेटींसाठी मुलांचा एस.टी.चा व पेट्रोलचा खर्च, साहित्याची दुरुस्ती, आणि ज्या रुग्णांना परत येण्याचे भाडे परवडत नाही त्यांचे भाडे, यांसाठी एक निराळा निधी उघडण्यात आला आहे. या निधीची पाटी लागणार नाही. त्याचा हिशेब मात्र दर सहा महिन्यांनी प्रत्येक देणगीदारास घरपोच मिळेल, आणि तो तरुण मंडळाचा कोषाध्यक्ष स्वतः लिहील. आमचे लेखापाल तो केवळ तपासतील.

आणखी एक काम मुलांकडे सोपविण्याचा विचार चालू आहे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी दहा टक्के खाटा राखीव असतात, ही गोष्ट ज्यांच्यासाठी ती तरतूद आहे त्यांनाच पुष्कळदा ठाऊक नसते. ठाऊक असली तरी उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका अशा कागदपत्रांची जुळवाजुळव करताना रुग्णाचा भाऊ वा मुलगा दोन दिवस तहसील कचेरी व रुग्णालय यांमध्ये खेटे घालतो. त्या खिडकीपाशी एखादा समजूतदार तरुण बसला, कोणता कागद कोठे मिळतो ते त्याने नीट सांगितले, आणि अर्ज भरून दिला, तर कुटुंबाचे किती श्रम वाचतील! यासाठी समाजसेवा अधीक्षक मुलांचे प्रशिक्षण घेणार आहेत. प्रथम मंगळवार व शुक्रवार या दोनच दिवशी प्रयोग करावयाचा आहे.

सभागृहाच्या दाराशी दोन टेबले मांडली आहेत. उजवीकडील टेबलावर निधीच्या पावत्या आहेत. डावीकडील टेबलावर मे महिन्यासाठी रक्तदात्यांची वही आहे; तेथे नाव, रक्तगट, दूरध्वनी क्रमांक आणि मागील रक्तदानाचा दिनांक एवढेच लिहावयाचे आहे. ज्यांनी नुकतेच रक्तदान केले असेल त्यांनीही नाव अवश्य लिहावे. त्यांना कोणत्या तारखेनंतर बोलवावयाचे, ते ही मुले मोजून ठेवतील.